डिमेन्शिया असलेल्या माणसाला डे केअरला पाठवताना: कोकणातल्या घरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

"डे केअरला पाठवून बघितलं, पण नाही जमलं आमच्या आईला." हे मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की आता पुढचे प्रश्न ठरून गेलेत. किती दिवस पाठवलं? तीन. आधी कधी नेऊन दाखवलं होतं? नाही. मग पहिल्या दिवशी काय केलं? रिक्षा बोलावली, सकाळी नऊला सोडलं, संध्याकाळी पाचला आणायला गेलो.

हीच चूक मी माझ्या सासूबाईंच्या बाबतीत केली होती. "देवळात जाऊन येऊ" म्हणून त्यांना रिक्षात बसवलं, केंद्रात सोडलं आणि मागच्या दाराने निघून आले. नंतर जवळजवळ महिनाभर दारात रिक्षा वाजली की त्या ओसरीचा खांब घट्ट धरून बसायच्या. कुठे नेलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं. फसवलं गेल्याची भीती मात्र राहिली होती. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, घटना पुसली जाते, तिने उमटवलेली भावना बराच काळ टिकते. खालचा सगळा क्रम याच एका गोष्टीवर बेतलेला आहे.

डे केअर म्हणजे सकाळी सोडायचं, दुपारी किंवा संध्याकाळी घरी आणायचं. हा वृद्धाश्रम नाही आणि दवाखानाही नाही. ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्रही नाही, कारण तिथे माणूस स्वतः येतो, स्वतः जातो आणि त्याच्यावर कुणी लक्ष ठेवून नसतं. जो चालू शकतो किंवा आधाराने उठू-बसू शकतो, चार माणसांत काही वेळ बसू शकतो आणि ज्याला दिवसा घरी एकटं ठेवणं धोक्याचं झालं आहे, त्याच्यासाठी ही सोय आहे. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रोज गाडीत घालून नेण्यात काही अर्थ नाही.

## १. आधी निदान, मग प्रवेश

"वय झालं", "म्हातारचळ लागला" हे निदान नव्हे. विसरण्यामागे कधी बी-१२ ची कमतरता असते, कधी थायरॉइड मंदावलेलं असतं, कधी नैराश्य असतं, कधी रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. म्हणून डॉक्टरांकडून किमान रक्ततपासण्या, औषधांची उजळणी आणि स्मरणशक्तीची चाचणी झालेली हवी. गरज वाटली तर ते मेंदूचा स्कॅन सांगतील. कान आणि डोळेही तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस केंद्रातल्या गलक्यात घाबरतो आणि सगळे म्हणतात, "आजार वाढला."

जिल्हा रुग्णालयं अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला आहेत. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. "मनोरुग्णालय" ही पाटी बघूनच अनेक घरं मागे फिरतात. मला हे फार लागतं, कारण त्या लाजेपायी निदानाची दोन-तीन वर्षं वाया जातात. जायला जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीच्या सोयींची माहिती १४५६७ या एल्डरलाइनवर मिळते.

सगळी औषधं, आयुर्वेदिक काढे आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यासुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. सर्दीची काही औषधं, झोपेच्या गोळ्या आणि लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधं गोंधळ वाढवतात.

सावधान: "केंद्रात शांत बसावेत म्हणून काहीतरी गोळी द्या" अशी मागणी डॉक्टरांकडे करू नका. चिडचिडीवर दिल्या जाणाऱ्या अँटिसायकॉटिक औषधांनी डिमेन्शियाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर अशा औषधाने माणूस अचानक ताठरतो, गिळणं बंद होतं. कधी कधी ती द्यावीच लागतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्या सोयीसाठी नाही.

तपासा: बदल महिन्या-महिन्यांनी झाला की दोन दिवसांत? काल ओळखत होते आणि आज बडबडतायत, झोपून राहतायत, असं झालं तर तो डिमेन्शियाचा पुढचा टप्पा समजू नका. लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, बहुतेकदा यांतलं काहीतरी असतं. पावसाळ्यात लेप्टोचीही शंका घ्यायला हवी. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डे केअरचा विषय नंतर.

## २. सात दिवसांची वही

ही पायरी सगळेच गाळतात आणि नंतर हीच नडते. शंभर पानी साधी वही घ्या आणि सलग सात दिवस लिहा. एका पानावर चार रकाने: वेळ, काय झालं, त्याच्या लगेच आधी काय घडलं, आपण काय केलं.

माझ्या वहीतली नोंद सांगते. "सकाळी ८. आंघोळीला जायचं नाही म्हणून ओरडल्या. आधी: पाण्याचा पंप सुरू झाला. नंतर: पंप बंद करून दहा मिनिटांनी विचारलं, गेल्या." सहा महिने आम्ही समजत होतो की त्यांना आंघोळ नको आहे. त्यांना आवाज नको होता. ही ओळ लिहिली नसती तर कळलंही नसतं, आणि केंद्रातल्या बाईंना तर मुळीच सांगता आलं नसतं.

सात दिवसांनी वही घेऊन बसा आणि चार गोष्टी शोधा.

दिवसाचे चांगले तास कुठले? बहुतेकांचे सकाळी ९ ते १२ असतात. केंद्रातली पहिली भेट याच तासांत ठेवायची.

लघवीला किती वेळाने जातात? दर दोन तासांनी असेल तर केंद्रालाही तसंच सांगायचं. "लागली की सांगतील" यावर भरवसा ठेवू नका. लागल्याची जाणीव आणि ती सांगायचा शब्द, या दोन्हींतलं एक आधीच हरवलेलं असतं. पदराशी चाळा करणं, खुर्चीत पुढे सरकणं, उठून भिंतीकडे जाणं, या खुणा वहीत टिपलेल्या हव्यात.

बिथरतात केव्हा? गर्दी, मिक्सर, टीव्हीवरची भांडणं, अनोळखी पुरुष जवळ आला की, भूक लागली की.

आणि शांत कशाने होतात? हे लिहायला लोक विसरतात. संकटं लिहितात, उपाय लिहीत नाहीत.

त्याच वहीत शेवटच्या पानावर रोजची कामं लिहा: आंघोळ, कपडे, शौच, जेवण, उठणं-चालणं. प्रत्येकापुढे तीनपैकी एक: स्वतः करतात, सांगितल्यावर करतात, करून द्यावं लागतं. इथे खरं लिहा. अंथरूण ओलं होतं हे लाजेने लपवलं की केंद्रात पहिल्याच आठवड्यात चारचौघांत तो प्रकार घडतो. त्यातून त्या माणसाची जी मानहानी होते, ती तुमच्या लाजेपेक्षा मोठी असते.

## ३. घरच्यांशी बोलणं, मुंबईकरांसकट

कोकणातल्या बहुतेक घरांत सांभाळणारा गावी असतो आणि मत देणारे मुंबई-पुण्यात. प्रवेश घेतल्यावर फोन येतो: "आईला सोडलंत कुठेतरी?" मग सून गप्प होते, मुलगा चिडतो आणि पाठवणं बंद पडतं.

म्हणून आधी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर एकत्र घ्या आणि वही वाचून दाखवा. नुसतं "खूप त्रास होतो" म्हटलं तर वाद होतो. "मंगळवारी रात्री पाच वेळा उठल्या, पहाटे तीनला कडी काढून विहिरीकडे निघाल्या होत्या" असं वाचलं की समोरचा गप्प ऐकतो. मग तीन गोष्टी ठरवा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा: खर्च कोण किती देणार, आणायला-सोडायला कोण जाणार, आणि दोन महिने कुणीही मध्येच "बंद करा" म्हणणार नाही.

ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांनाही विचारा. आजार सुरुवातीचा असेल तर त्या सांगू शकतात की त्यांना कशात रमायला आवडेल. त्यांच्या पाठीमागे सगळं ठरवू नका.

## ४. जागा बघायला जाताना

एकदा ठरवून जा आणि एकदा न सांगता, दुपारी साडेतीनच्या सुमारास. सकाळी सगळीकडे आरती आणि व्यायाम छान चाललेले असतात. दुपारी कर्मचारी थकलेले असतात आणि माणसं अस्वस्थ व्हायला लागतात. खरं केंद्र तेव्हा दिसतं.

आधी नाकाने तपासा. लघवीचा जुना वास येत असेल तर माणसांना वेळेवर नेलं जात नाही. मग कानाने. "ए आजी, बस ना गप" ऐकू आलं की मी पुढे काही विचारत नाही. त्यानंतर टीव्हीकडे बघा. बारा माणसं भिंतीला टेकून एका पडद्याकडे बघत बसली असतील तर ते डे केअर नव्हे, नुसतं थांबण्याचं ठिकाण आहे.

माणसं किती? चार जणांमागे एक सांभाळणारा हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, माणसं पाचच असली तरी सांभाळणारे दोन हवेत. एक जण कुणाला संडासात घेऊन गेला की खोलीत दुसरा असलाच पाहिजे.

मग जागा. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या पायऱ्या पावसात शेवाळतात, त्यांना कठडा हवा. आवारात विहीर असेल तर तिला नुसता कठडा पुरत नाही, वर जाळी हवी. मागे पऱ्या किंवा खाडी असेल तर कुंपण नीट बघा. कमरेएवढा गडगा म्हातारा माणूस सहज ओलांडतो. संडासात उंच भांडं, धरायला दांडा आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी असावी. जमिनीवर काळी पायपुसणी नसावीत. डिमेन्शियात नजरेला खोली नीट कळत नाही, काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं आणि माणूस ते ओलांडायला जाऊन पडतो. दिवे गेल्यावर काय, हेही विचारा. इन्व्हर्टर नसेल तर जूनपासून रोज अंधार आहे.

तोंडी विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते न लाजता विचारा:

- कुणी फार फिरायला लागलं तर काय करता? "बांधून ठेवतो" किंवा "खोलीत बंद करतो" असं उत्तर आलं तर उठून या.
- पडलं, ताप आला तर कुणाला कळवता, कुठल्या डॉक्टरांकडे नेता, गाडी कुणाची?
- औषधं कोण देतं आणि दिल्याची नोंद कुठे असते?
- इथे आमची बोली कोण बोलतं?

शेवटचा प्रश्न लहान वाटतो, पण तो सोडू नका. आजार वाढतो तशी शाळेत शिकलेली भाषा आधी सुटते आणि घरची बोली मागे राहते. आयुष्यभर मालवणी बोललेल्या माणसाला पुस्तकी मराठीत "आपल्याला काय हवंय?" विचारलं तर तो नुसता बघत राहतो.

### जवळपास केंद्रच नसेल तर

कोकणात बहुतेकांची हीच अडचण आहे. वाट बघत बसू नका, लहान सुरुवात करा. वाडीत किंवा शेजारच्या दोन गावांत अशी चार-पाच घरं असतातच. आशा सेविकांना ती घरं माहीत असतात. ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, देवळाचा सभामंडप किंवा कुणाची तरी मोठी पडवी, आठवड्यातून दोन दिवस, सकाळी १० ते १. एवढंच.

एक पगारी मदतनीस ठेवा, पैसे सगळ्यांनी वाटून घ्या. फुकटच्या मदतीवर हे चालत नाही, भाताची लावणी आली की माणूस येत नाही आणि आपल्याला त्याला काही बोलताही येत नाही. मदतनिसासोबत पाळीपाळीने एका घरातलं कुणीतरी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवून ठेवा. प्रत्येक घराकडून लिहून घ्या की औषध द्यायचं की नाही, आणि तब्येत बिघडली तर कुठे न्यायचं. अशा गटात तीन तासांपुरती औषधं न देणंच बरं, ती घरी आधी-नंतर द्यावीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या अशा गटालाही लागू आहेत, फक्त दिवस आणि तास गटाच्या वेळेप्रमाणे धरा.

## ५. एक पान आणि एक पिशवी

पान एकच असावं, मोठ्या अक्षरात. त्यावर आजाराची माहिती शेवटी, माणसाची आधी. त्यांना काय म्हणून हाक मारतात? एका घरातले निवृत्त शिक्षक "आजोबा" म्हटलं की उठून चालायला लागायचे आणि "सर" म्हटलं की खुर्ची ओढून बसायचे. हे पानावर हवं. गाव, माहेर, केलेलं काम, झोपायची वेळ, चहात साखर किती, मासे चालतात की माळकरी आहेत, उपवास कुठला, नमाजाची वेळ कुठली, कशाची भीती, कशाने हसू येतं. त्याखाली चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, कशाची अॅलर्जी, डॉक्टरांचा आणि घरच्या दोघांचा फोन.

"हट्टी", "चिडका" असले शब्द पानावर नकोत. "घाई केली की चिडतात" असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं.

पिशवीत दोन जोड कपडे, ओले कपडे टाकायला प्लॅस्टिकची पिशवी, लागत असतील तर पॅड, पातळ शाल, पाण्याची बाटली. पायात मागे पट्टा असलेल्या चपला, रबरी सपाता नकोत. गोळ्या कंपनीच्या पाकिटातच द्या, कागदाच्या पुडीत सुट्या नकोत. चष्म्याच्या डबीवर आणि कपड्यांच्या आतल्या शिवणीवर नाव. झंपराच्या किंवा सदऱ्याच्या आत फोन नंबर शिवलेली पट्टी कायम असू द्या, केंद्र असो वा घर. मोबाईलमध्ये या महिन्यातला त्यांचा स्पष्ट फोटो ठेवा. कुणी हरवलं तर ११२ ला फोन करून पहिली गोष्ट तीच पाठवायची असते.

## ६. पहिल्या दहा भेटी

इथे घाई केली की आधीचं सगळं वाया जातं.

पहिली आणि दुसरी भेट: एक तास. तुम्ही सोबत, शेजारच्या खुर्चीत. चहा प्या, दोघांनी मिळून काहीतरी करा आणि त्यांचा चेहरा अजून प्रसन्न असतानाच उठा. कंटाळेपर्यंत थांबलात तर कंटाळाच घरी येतो.

तिसरी ते पाचवी: दीड-दोन तास. मध्ये तुम्ही वीस मिनिटं दुसऱ्या खोलीत. जाताना सांगून जा, आल्यावर समोर येऊन बसा.

सहावी ते आठवी: तीन तास, जेवणापर्यंत. तुम्ही बाहेर पडा, पण दहा मिनिटांत पोचता येईल इतक्या अंतरावर राहा.

नववी आणि दहावी: जेवण आणि दुपारची विश्रांती धरून पूर्ण वेळ.

या भेटी आठवड्यातून किमान तीन हव्यात आणि शक्यतो त्याच वारी, त्याच वेळी. आठवड्यातून एकदाच नेलं तर प्रत्येक दिवस पहिला दिवस होतो. पूर्ण रुळायला तीन-चार आठवडे जातात.

सकाळचा क्रमही ठरलेला असावा: संडास, चहा-नाश्ता, आंघोळ, कपडे, चपला आणि मग दारात गाडी. आदल्या रात्री "उद्या जायचंय हं" सांगू नका, रात्रभर उठून कपडे घालत बसतील. रिक्षा तीच, चालकही तोच, आणि शेजारी घरचं माणूस. वाटेत घाट असेल तर नाश्ता हलका, पेज किंवा मऊ भात पुरे. चालता येत असेल आणि गर्दी नसेल तर एसटीही चालते. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं, आणि सोबत जाणारी बाई असेल तर तिलाही निम्मंच तिकीट. आधार कार्ड जवळ ठेवा.

कुठे चाललोय असं विचारलं तर काय सांगायचं? "डे केअर", "संस्था" हे शब्द त्यांच्यासाठी परके आहेत. "मंडळात जाऊ", "भजनाला जाऊ" म्हणा, मात्र तिथे भजन खरंच असलं पाहिजे. माझं मत पक्कं आहे: खोटं सांगून नेऊ नये. पण प्रत्येक खरं तोंडावर फेकायचीही गरज नाही. सासूबाई "आईकडे जायचंय" म्हणायच्या, त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झालेली. "ती नाही आता" असं एकदा मी सांगितलं आणि त्या नव्याने रडल्या. पुन्हा कधी सांगितलं नाही. "तुमच्या आई काय काय करायच्या हो जेवायला?" एवढं विचारलं की त्या अर्धा तास बोलायच्या.

केंद्रातही हेच होतं. एक आजी रोज अकराला दाराशी जायच्या: "माका घराक जावचा आसा." बाई आधी समजावत होत्या, "चार वाजता गाडी येईल, बसा." दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न. मग त्यांनी पद्धत बदलली: "जावया आजये, आदी चाय घेवया." चहा होईपर्यंत घराची ओढ ओसरलेली असायची. वाद न घालता त्यांच्या बाजूने एक पाऊल टाकायचं, मग दिशा बदलायची.

सावधान: नजर चुकवून निघून जाऊ नका. रडल्या तरी सांगून जा, थोडक्यात सांगा, एकदाच सांगा, आणि दारातून तीनदा मागे वळू नका.

तपासा: दहाव्या भेटीनंतर वही उघडा. घरी आल्यावर खातात का? रात्रीची झोप सुधारली, तशीच आहे की बिघडली? सकाळी चपला घालताना अंग आखडतं का? "आज काय केलंत?" असं त्यांना विचारून परीक्षा घेऊ नका. उत्तर येणार नाही आणि उत्तर न येण्याचं दुःख तेवढं पदरात पडेल. ते केंद्रातल्या बाईंना विचारा.

## ७. केंद्रात काय करायला द्यावं

लहान मुलांची रंगवायची पुस्तकं आणि टाळ्या वाजवायचे खेळ मला पटत नाहीत. ज्या हातांनी घर चालवलं, त्यांना खरं काम द्या. तांदूळ निवडणं, भिजवलेल्या वालाच्या डाळिंब्या सोलणं, अबोलीचा वळेसर गुंफणं, टॉवेलच्या घड्या. दर्यावर आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात जुन्या जाळ्याचा तुकडा दिला तर बोटं आपोआप गाठ मारतात, शब्द गेलेले असले तरी. शेतकऱ्याला कुंड्यांना पाणी घालू द्या. निवडलेले तांदूळ पुन्हा मिसळले जातात हे त्यांच्यासमोर करू नका.

गाणं बहुतेकांत शेवटपर्यंत राहतं. स्वतःच्या मुलाचं नाव न आठवणारी बाई आरती पूर्ण म्हणते. म्हणून टाळ आणि आरत्या रोज असाव्यात, दुपारच्या सुस्तीआधी.

विळी, कोयता आणि कच्च्या काजूबिया मात्र दूर. काजूच्या सालातलं तेल कातडी भाजतं आणि माणूस तोच हात डोळ्याला लावतो.

जेवणात एक मोठा धोका आहे: काटा. मासे खाऊन वाढलेल्या माणसालाही या आजारात काटा तोंडात वेगळा करता येईनासा होतो. बांगडा, पेडवे यांचे काटे हाताने पूर्ण काढून, भातात कालवून द्या, किंवा सुरमईचा मधला तुकडा निवडा. ताट रंगीत असावं, पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना दिसतच नाही. जेवताना ताठ बसवा, नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. पाणी पिताना वारंवार ठसका, जेवणानंतर ओला आवाज, असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा. घास श्वासनलिकेत जात असण्याची ती खूण आहे.

## ८. घरी आल्यानंतरचा तास

तिन्हीसांजेला अनेकांची घालमेल वाढते. त्यात दिवसभराचा थकवा. घरी आल्या आल्या पाहुणे, टीव्ही, प्रश्न, काहीच नको. हातपाय धुवून, काहीतरी थोडं खायला देऊन शांत बसू द्या. अंधार पडायच्या आधीच घरातले दिवे लावा, दिवेलागणीची वाट बघू नका. माजघरातल्या सावल्यांना ही माणसं घाबरतात. मागच्या दाराला वर, नजरेच्या पट्ट्याबाहेर दुसरी कडी बसवून घ्या. मात्र माणूस घरात एकटा असताना बाहेरून कुलूप घालू नका.

## ९. मोकळे झालेले तास कुणाचे?

सांभाळणाऱ्याचे. हे लिहावं लागतं, कारण मी बघते ते वेगळंच. आई केंद्रात गेली की सून माळा साफ करायला घेते, पापड घालते, आणि संध्याकाळी आधीपेक्षा जास्त दमलेली असते.

पहिले दोन आठवडे त्या तासांत फक्त झोपा. तिसऱ्या आठवड्यात स्वतःचं रक्तदाब, साखर तपासून घ्या, दोन वर्षं राहिलेलं दाताचं काम करा. त्यानंतर आठवड्यातले दोन तास अशा कुणाबरोबर घालवा, ज्याच्याशी आजाराबद्दल बोलायचं नाही.

तुमचा हात उगारला जायला लागला असेल, रोज रडू येत असेल, "यापेक्षा सुटले असते तर" असा विचार येत असेल, तर तुम्ही वाईट नाही. तुम्ही संपत आला आहात. १४४१६ तुमच्यासाठीही आहे, दिवसा आणि रात्रीही.

## १०. पावसाळा, गणपती आणि थांबण्याची वेळ

जूनमध्ये वेळापत्रक बदला. रस्ता बंद होईल त्या दिवसासाठी घरीच तासाभराचं तेच काम, त्याच वेळी ठेवा, म्हणजे खंड पडला तरी घडी मोडत नाही. वाटेत फेरी बोट असेल तर पावसाळ्यात त्या केंद्राचा नाद सोडा, अलीकडचा लहान गट बरा.

गणपतीत घर भरतं आणि लोक म्हणतात, "आता सगळे आहेत, केंद्र कशाला?" उलट याच दिवसांत ते हवं असतं. पंधरा माणसांचा गलका, बदललेली झोपायची जागा, उघडी दारं. माणसं हरवतात ती अशा गर्दीतच, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. केंद्र सुरू असेल तर सकाळचे तीन-चार तास पाठवा. बंद असेल तर दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, नावं लिहून भिंतीला चिकटवा, आणि मुंबईहून आलेल्यांनाही पाळी द्या.

कधीतरी केंद्र पुरेनासं होतं. उठवायला दोन माणसं लागतात, बहुतेक वेळ झोपेत जातो, गिळणं अवघड होतं, प्रवासानेच दिवस संपतो. असं सलग दोन-तीन आठवडे वहीत दिसलं की केंद्राशी बोला. आधी तीनाचे दोन दिवस, मग एक, असं कमी करत या. शेवटच्या दिवशी त्यांचं ते एक पान परत मागून घ्या. वर्षभरात केंद्रातल्या बाईंनी त्यावर स्वतःच्या हाताने बऱ्याच ओळी वाढवलेल्या असतात. घरी येणाऱ्या मदतनीसाला द्यायला तेच पान लागेल.